भोंग्याच्या सुरावर लावलेली गिटार

मी रेवस बंदराजवळच्या एका घरात, मागच्या खोलीत, खुंटीला टांगलेली जुनी गिटार आहे. मित्रांनो, कोणी हात लावला नाही तरी मी वाजते. तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पातळ फळ्या ओल्या करून वाकवल्या, चिकटवल्या आणि आत पोकळी ठेवली. ही पोकळी फार महत्त्वाची. तार एकटी अगदी हळू बोलते. वरची फळी आणि आतली हवा तिच्याबरोबर हलते, तेव्हा कुठे तो आवाज लोकांना ऐकू जातो. म्हणजे माझं अर्धं बोलणं रिकाम्या जागेतून येतं.

मला या घरच्या जीवनने मुंबईहून लाँचमध्ये मांडीवर घेऊन आणलं. तो खाडीपलीकडे, उरणच्या बाजूला, एका कंटेनर यार्डात कामाला होता. सकाळी लाँचने करंजाला जायचा, संध्याकाळी परतायचा. धक्क्याला लागताना लाँच भोंगा द्यायची. तो ऐकला की त्याची आई, सत्यवती, चहाचं आधण ठेवायची. पाणी उकळायला आणि जीवन दारात यायला एकच गाठ पडे.

मोबाइलवर बघून तो शिकला. आधी जी ही कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे काही सूर, मग डी, मग ई मायनर, मग सी. बोटांना फोड आले, फुटले, मग घट्टे पडले. एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना त्याचा हात अडखळे आणि मधे लांबलचक शांतता पडे. डीवरून ई मायनरवर जाताना तर हमखास.

"दादा, गाणं हाय का भांडी घासतोस?" त्याची धाकटी बहीण अमिषा विचारायची.

"गप गो. या चार कॉर्डवर अर्ध्या जगाची गाणी वाजतात."

"मग त्यातलं एक तरी वाजव!"

हळूहळू जमलं. चार कॉर्ड एकामागून एक फिरू लागल्या आणि चौथी संपली की पहिली आपोआप हवीशी वाटू लागली. त्यांच्यावर तो स्वतःचीच एक चाल गुणगुणायचा. शब्द अजून नव्हते.

एका संध्याकाळी सुट्टीवर असताना तो मला छेडत होता. तेवढ्यात भोंगा झाला. माझी पाचवी तार त्या आवाजाच्या जराशी वर होती. जीवनने गंमत म्हणून तिला ताणणारी माझ्या डोक्यावरची खुंटी सैल केली आणि तार व भोंगा एक झाले. मग बाकीच्या पाच तारा त्याने तिच्याच हिशेबाने खाली उतरवल्या. तेव्हापासून मी इतर गिटारींपेक्षा अर्धा स्वर खाली आहे.

त्याचा मित्र पियूष नागावच्या होमस्टेवर पाहुण्यांना गाणी वाजवून दाखवायचा. तो वैतागे. "जीवन, तुझ्याबरोबर वाजवायला बसलो का दात आंबतात माझे. फोनवर लाव ना सूर!"

"लावलाय. बंदराचा हाय."

"लाँच काय तुझी गुरू हाय?"

"वेळेवर तरी येते. तुझ्यासारखी न्हाय."

तेव्हापासून भोंगा झाला की माझी पाचवी तार आपोआप गुणगुणू लागली. मित्रांनो, यात जादू नाही. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके हलके ढकललं तर तो मोठे झोके घेतो. तारेचंही तसंच असतं. तिच्याच सुराचा आवाज दुरून आला तरी ती हलते. मला हे माहीत आहे. तरी पुढे जे झालं त्याची मला अजून धास्ती वाटते.

एक दिवस यार्डात ट्रेलर मागे घेताना चालकाला जीवन दिसला नाही. त्या संध्याकाळची लाँच आली, भोंगा झाला, मी गुणगुणले, आधण उकळलं. जीवन आला नाही.

दिवसकार्य झालं. त्याचे कपडे वाटून टाकले, सायकल मामाकडे गेली. मला मात्र सत्यवतीने कोणाला दिलं नाही आणि कोणाला वाजवूही दिलं नाही. अमिषा अलिबागला कॉलेजात होती, वसतिगृहात राहायची. तिला वाटे, आईला मी डोळ्यांसमोर नको आहे. तिला कसं कळणार, की रोज संध्याकाळी सत्यवती माझ्याजवळ येऊन दार लोटून उभी राहते आणि माझ्या पोकळीशी कान नेते?

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा अमिषा सुट्टीवर आली. तिच्या फोनमध्ये जीवनचं एक रेकॉर्डिंग होतं. त्या चार कॉर्ड, त्यावर त्याची बिनशब्दांची चाल आणि शेवटी हसून म्हटलेलं, "पुढचं उद्या." वसतिगृहात मैत्रिणीच्या गिटारीवर ती त्याच कॉर्ड शिकली होती. वर्षश्राद्धाला तिला त्याच्याबरोबर वाजवायचं होतं.

"आये, गिटार देशील?"

"तारा तुटतील."

"नव्या घालू."

"नव्या न्हाय घालायच्या." सत्यवती बराच वेळ चूल पुसत राहिली. "घे. घराबाहेर नेऊ नको."

अमिषाने माझ्यावरची धूळ पुसली. पियूषला बोलावलं. त्याने माझ्या डोक्याला सूर मोजणारा ट्यूनर लावला आणि एकेक खुंटी पिळली. जुन्या तारा कुरकुरल्या, पण टिकल्या.

"काकी, आता ऐका कशी बोलते!"

मी खणखणीत वाजले, दुकानात वाजत होते तशी. पण रेकॉर्डिंगबरोबर अमिषाचा सूर काही जुळेना. बोटं त्याच जागी होती, कॉर्ड त्याच होत्या, तरी तिचा आवाज त्याच्या वर तरंगत राही. भाऊ खाली अंगणात आणि बहीण माडीवर, असं काहीतरी.

संध्याकाळ झाली. तिने मला खुंटीला टांगलं. सत्यवती आत आली, दार लोटलं. भोंगा झाला. मी हलले नाही. मला हलायचं होतं. तार वर गेली होती.

सत्यवती बाहेर गेली. तिचा आवाज मला भिंतीपलीकडून ऐकू आला.

"काय केलंस तिला?"

"सूर लावला, आये. का गं?"

"भोंगा झाला का तो रोज बोलतो तिच्यातून. आलो म्हणतो. आज न्हाय बोलला." मग अगदी हळू, "गेला होता तो अर्धाच गेला होता, पोरी. आज तू पुरा घालवलास."

त्या रात्री घरात चूल पेटली नाही.

सकाळी अमिषाने पियूषला फोन केला. "पियूषदादा, दादा सूर कशावर लावायचा?"

"लाँचच्या भोंग्यावर. मी हसायचो त्याला. काल माझ्या ध्यानातच न्हाय आलं, अमिषा."

संध्याकाळी ती खिडकी उघडून मला मांडीवर घेऊन बसली. भोंगा थोडाच वेळ वाजतो. पहिल्या दिवशी तिचा हात घाईत चुकला आणि तार फार खाली गेली. दुसऱ्या दिवशी लाँच आली तेव्हा सत्यवती दारात येऊन उभी होती. अमिषा खुंटी हळूहळू फिरवत होती.

"अजून," सत्यवती म्हणाली. "अजून थोडी. थांब. इथं."

बाकीच्या तारा अमिषाने पाचवीच्या हिशेबाने उतरवल्या. पुढच्या संध्याकाळी मी पुन्हा गुणगुणले. सत्यवतीने माझ्या लाकडावर हात ठेवला आणि अमिषाचा हात ओढून त्यावर ठेवला. दोघींना माझी थरथर जाणवली. मग अमिषाने रेकॉर्डिंग लावलं. जी, डी, ई मायनर, सी. या वेळी दोन गिटारी वाजतात असं वाटलंच नाही. डीवरून ई मायनरवर जाताना ती अडखळली. जीवनही तिथेच अडखळला.

वर्षश्राद्धाच्या दिवशी समुद्र खवळला होता. बंदरावर धोक्याचा बावटा चढला, लाँच बंद झाल्या. खिडक्या लावून सगळे मागच्या खोलीत बसले होते. मी खुंटीवर होते. रोजच्या वेळी, भोंगा नसताना, माझी पाचवी तार गुणगुणली.

"वारा असेल," पियूष म्हणाला.

अमिषाने बंद खिडकीकडे पाहिलं. सत्यवती उठली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.

मित्रांनो, तारेला हलायला आवाज लागतो, हे मी तुम्हाला सांगितलं. त्या दिवशी तो कुठून आला, ते मला अजून माहीत नाही. एवढंच मागणं आहे: गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरात असेल, तर ती जपा, पुसा, वाजवासुद्धा. पण ती दुरुस्त करण्याआधी घरात विचारा, रोज तिच्याजवळ येऊन कोण उभं राहतं. आणि कधी रेवसला आलात, मला हातात घेतलंत, तर माझी पाचवी तार वर चढवू नका. ती चुकून उतरलेली नाही. ती कोणाची तरी वाट बघते आहे.