अकराची जोडी

चौकटच्या राणीचा कोपरा मुडपलेला होता. वनमालानं तो नखानं सरळ केला आणि राणी चादरीवर ठेवली – तीन ओळी, ओळीत तीन पत्ते, तोंडं वर, उरलेला गड्डा आपल्या मांडीशी... मग उशीला टेकून बसलेल्या नवऱ्याकडं, गोपाळकृष्णांकडं पाहिलं. बाहेर ज्वारीच्या गाड्या कळंबच्या बाजाराकडं चालल्या होत्या.

हा एकट्याचा डाव. ज्या दोन पत्त्यांची बेरीज अकरा होईल ते उचलायचे, रिकाम्या जागी गड्ड्यातले नवे मांडायचे; गुलाम, राणी, राजा मात्र तिघं मिळूनच जायचे. चादर रिकामी झाली की डाव सुटला. शाळेतून आल्यावर ते रोज मांडत, आणि जोडी जमली की पुटपुटत, "ग्यारा." निजामाच्या राज्यात गणित उर्दूतून शिकले, उर्दूतूनच शिकवलं, विलीनीकरणानंतर वर्गात मराठी आली तरी पत्त्यांशी ते उर्दूतच बोलायचे. पत्त्यांशी. मी चहा घेऊन उभी असायची, तिला आठवलं, आणि चहा निवून जायचा...

माघात अंगावरून वारं गेलं. उजवा हात गेला, वाचा गेली. आता पत्ते ती मांडते, ते डाव्या हाताचं बोट ठेवतात. एकट्याचा डाव दोघांचा झाला – आणि मला हे आवडतंय, असं मनात येताच तिनं घाईनं गड्डा सारखा केला.

संध्याकाळी हेडमास्तर बाबूराव येणार होते. जूनपासून मास्तर शाळेत येतील का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. बोलणं हळूहळू सुधारेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण हिशेब, आकडे, ते डोक्यात शाबूत आहेत ना? घरातल्या माणसालाच ते ठाऊक, असा बाबूरावांचा निरोप होता.

नव्वी-दुर्री गेली. दश्शी-एक्का गेला. मग त्यांचं बोट बदामच्या छक्कीवर टेकलं, चादरीवरून सरकलं, आणि चव्वीवर थांबलं.

सहा आणि चार.

ती थांबली. बोट हलेना. पंजी तर शेजारीच होती, उघडी... गावातल्या निम्म्या पोरांना ज्यांनी बेरीज शिकवली, त्यांचं हे बोट. आता नाही म्हटलं तर ते पुन्हा भिंतीकडं तोंड करून निजतील, फाल्गुनात निजले होते तसे, जेवणसुद्धा नको म्हणून.

"बरोबर," ती म्हणाली, आणि दोन्ही पत्ते उचलले.

त्यानंतर एकही जोडी चुकली नाही. तिला हायसं वाटत गेलं; संध्याकाळी काय सांगायचं ते शब्द मनात जुळू लागले – बाबूराव, काही काळजी करू नका... गड्डा संपला. राजा, राणी, गुलाम गेले. चादरीवर दोनच पत्ते उरले, एक पंजी आणि एक सत्ती – मघाशी उचललेल्या छक्की-चव्वीच्या खऱ्या जोडीदारणी.

"राहू द्या, पुन्हा मांडते," म्हणत तिनं हात पुढं केला. त्यांच्या डाव्या हातानं तिचं मनगट धरलं.

"बारा," ते म्हणाले.

शब्द ओला होता, ओठाच्या कडेनं वाकडा झालेला, पण शब्द होता. आणि चष्म्यावरून ते तिच्याकडं पाहत होते – मघाचं चुकलं होतं ते आत्ता ध्यानात आलं म्हणून, की मघाशी बोट मुद्दामच ठेवलं होतं, ही काय म्हणते ते बघायला? त्या नजरेतून काही कळेना. आपल्याला आनंद व्हायला हवा, हे तिच्या ध्यानात आलं. तो झालाही, पण आधी वाटली ती शरम. माघापासून मी प्रत्येक गोष्टीला बरोबर म्हणत आले – सांडलेल्या पेजेला, न उमटलेल्या शब्दाला – आणि यांना ते सगळं कळत होतं.

बाबूरावांसाठी जुळवलेलं वाक्य मनातून निसटलं. दुसरं सुचेना. आणि आता ते बोलू लागलेत, तर सांगायचं तरी मीच का?

तिनं मनगट सोडवून घेतलं नाही. इतके दिवस या खोलीत आपण एकट्याच होतो, हे तिला आत्ता कळत होतं. आणि आता तसं नव्हतं, याची थोडी भीतीही वाटत होती.