सैल सूट

"ताई, हा जरा बाजूंनी आत घेशील? सैल झालाय," असं म्हणत बेडकाने आपला काळा डायव्हिंग सूट टेबलावर टाकला आणि हात धुवायला नळाकडे वळला.

बेडूक म्हणजे ताईचा धाकटा भाऊ. लहानपणी पाण्यातून बाहेरच निघायचा नाही म्हणून आईने ठेवलेलं नाव. आता चाळिशी उलटली तरी धक्क्यावर त्याला कोणी दुसऱ्या नावाने हाक मारत नव्हतं. स्कूबाच्या दुकानात तो गिऱ्हाइकांना समुद्राच्या तळाशी न्यायचा, मासे दाखवायचा आणि सुखरूप वर आणायचा. ताई त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत सूट सांभाळायची. कोणाला कुठला बसेल ते बघायचं, परत आलेले गोड्या पाण्यात बुडवायचे, उलटे करून सावलीत वाळवायचे, उसवलेले शिवायचे. खोलीला रबराचा आणि ओल्या पायांचा असा काही वास होता की नवा माणूस दारातच नाक मुरडायचा. ताईला तो येईनासा होऊन जमाना झाला होता.

तिने सूट उलटा केला. बाजूच्या शिवणी तिच्याच हातच्या होत्या. हंगामाच्या सुरुवातीला एकदा तिने त्या आत घेतल्या होत्या, आणि "बायको उपाशी ठेवते वाटतं" अशी थट्टाही केली होती. आज तिला थट्टा सुचेना.

"सैल कसा झाला रे?"

"जुना झाला ना. ताणतोच."

"मला शिकवतोस?"

ही थाप दुसऱ्या कोणाकडेही खपली असती. पण हे रबर जुनं झालं की ताणत नाही, मिठाने आणि उन्हाने कडक होतं, आक्रसतं. जुना सूट दर वर्षी अंगाला जास्तच आवळतो, आणि धक्क्यावरचे सगळे आपलं पोट विसरून सुटाला शिव्या घालतात. तो सैल झाला असेल तर आतला माणूस आटलाय, एवढाच त्याचा अर्थ होता.

"घाल बघू."

"आत्ता? बोट लागलीय. सिलिंडर चढवायचेत मला."

"घाल म्हणते ना."

एरवी बेडकाला सूट चढवताना बघणं म्हणजे फुकटची करमणूक असायची. पाय सरकावा म्हणून पायात प्लास्टिकची पिशवी घालून, भिंतीला धरून, उड्या मारत आणि शिव्या हासडत तो आत शिरायचा. आज पिशवी लागलीच नाही. ताईने पाठीची चेन ओढली तर ती कुठेही न अडता मानेपर्यंत आली. कमरेपाशी ती चिमटीत धरायला गेली, तर मूठभर रबर हातात आलं. खांद्याचं हाड वरूनसुद्धा लागत होतं. असल्या सुटात पाणी खेळतं आणि माणूस खाली थंडीने काकडतो, हे तिला ठाऊक होतं. पण आत्ता तिला थंडीची काळजी नव्हती.

"डॉक्टरकडे जा."

तो पाठमोराच उभा राहिला. "जाऊन आलो."

"मग?"

"फुप्फुसात काहीतरी आहे म्हणतात. तुकडा काढून तपासायचाय. तोवर पाण्यात उतरू नका म्हणाले."

"आणि तू रोज उतरतोयस."

"मला खाली काही होत नाही गं. वर आलो की खोकला. खाली एकदम बरं वाटतं."

"घरी माहितीय?"

"कोणालाच नाही. सूट अंगाला बसला की कोणी बघत नाही. सैल दिसला की विचारायला लागतात. तेवढा आत घे. हंगाम संपू दे, मग काय ते तपासतो."

ताईला राग आला आणि रडूही आलं, आणि त्याच्यासमोर रडू आलं म्हणून आणखी राग आला. वर येताना फुप्फुसातली हवा फुगते. दुखऱ्या जागी ती अडकली तर फुप्फुस फाटतं, हे तिला याच माणसाने समजावलं होतं, गिऱ्हाइकांना सांगतो तसं फुगा फुगवून. त्याला काही झालं तर त्याचा हात धरून खाली गेलेल्यांचं काय? आणि सूट शिवला नाही, तर याचं काय? शाळा, गॅरेज, किराणा दुकान, कुठेच तो टिकला नव्हता. जमिनीवर आपला भाऊ कोणाच्या उपयोगी पडेल, हे तिला खरंच माहीत नव्हतं.

"नाही शिवणार," ती म्हणाली.

"दुसरीकडून शिवून घेईन."

"घे. मी मालकांकडे जाते. बोट सुटायच्या आत जाते."

"तू सांगशील?"

"सांगीन. मग जन्मभर बोलला नाहीस माझ्याशी तरी चालेल. जगलास म्हणजे झालं."

बाहेरून कोणीतरी त्याला हाक मारली. सुटासकट तो बाकावर बसून राहिला, आणि ताई उगाचच कोरडे सूट पुन्हा पुसत राहिली. शेवटी तो उठला.

"मीच सांगतो त्यांना. तू नको."

त्या दिवशी बोट दुसऱ्याला घेऊन गेली. मालक बरं बोलले, तपासणी होईपर्यंत किनाऱ्यावर काम कर म्हणाले. बेडकाने सूट काढून गोड्या पाण्यात बुडवला, नीट वाळवला आणि रुंद खांद्याच्या हँगरवर घालून भाड्याच्या रांगेत नेऊन लावला.

"घरी ने की," ताई म्हणाली.

"घरी पडून चिरेल. वापरात राहू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांना हॉस्पिटलात जायचं होतं. सकाळी एक सडपातळ, उंच गिऱ्हाईक आलं. त्याला एक सूट आखूड झाला, दुसरा ढगळ. ताई रांगेतून हात फिरवत गेली आणि एका हँगरपाशी न थांबता पुढे सरकली. बेडकाने मागून येऊन तोच काढला. त्या माणसाला त्याने बाकावर बसवलं, पाय कसा सरकवायचा ते दाखवलं, उभं करून पाठीची चेन वर ओढली आणि गळ्याभोवती बोट फिरवून बघितलं.

"जरा आवळतोय," तो माणूस म्हणाला.

"आवळायलाच पाहिजे."

"नवा वाटत नाही. कोणाचा आहे?"

"दुकानाचा," बेडूक म्हणाला, आणि गुडघ्यावर बसून त्याने त्या माणसाच्या घोट्यापाशी सुरकुतलेलं रबर ओढून सरळ केलं.