अठरा तासांची खोली

जयाबाईंनी स्वरूपाच्या माऊसवर हात ठेवला.

"थांब गं. हे नगं. मंगळवारचं काढ."

खासबागेतल्या ट्रॅव्हल्सच्या दुकानात स्वरूपा रोज चार जणांची तिकिटं काढायची. असं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं.

"आक्का, मंगळवारी मधल्या विमानतळावर अठरा तास थांबावं लागतंय. शुक्रवारी नुसतं तीन तास."

"अठराच पायजेत."

शेजारी बसलेल्या तम्मण्णांनी कपाळाला हात लावला. मुलगा किशन टोरांटोला. त्याच्याकडे जायची नवरा-बायकोची ही दुसरी खेप, आणि आठ महिन्यांपूर्वीच्या पहिल्या खेपेचे अठरा तास तम्मण्णा अजून विसरले नव्हते. विमान कंपनीने हॉटेल दिलं खरं, पण दोघांना दोन खोल्या, त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर. ही कंपनीची अक्कल त्यांनी वडगावच्या गल्लीत कुणाला ऐकवायची बाकी ठेवली नव्हती. "बिचारी एकटी पडली, नळ कसा सोडायचा ते बी ठावं न्हाय तिला," हे ते अगदी मनापासून सांगायचे. जयाबाई तेव्हा मागासाठी सुताच्या कांड्या भरत असायच्या, ऐकून घ्यायच्या.

"शुक्रवारी हॉटेल न्हाय का?" तम्मण्णांनी विचारलं.

"न्हाय अण्णा. आठ तासांच्या वर थांबायला लागलं आन् त्या दिवशी लवकरचं दुसरं विमानच नसलं, तरच कंपनी खोली देती. मंगळवारी देतील."

"ठावं हाय मला," जयाबाई म्हणाल्या.

घरात दोन यंत्रमाग होते. ते सुरू झाले की फळीवरची भांडीसुद्धा हलायची. लग्न होऊन आल्यापासून एकेचाळीस वर्षं जयाबाई त्या खडखडाटात कांड्या भरत, भाकऱ्या बडवत आल्या होत्या. भरदिवसा दाराला आतून कडी घालणारी बाई त्या गल्लीत आजारी तरी असायची, नाहीतर रुसलेली. जयाबाईंना आजारी पडायलाही कधी सवड झाली नाही.

"बरं, मंगळवार तर मंगळवार," तम्मण्णा शेवटी म्हणाले. "पर स्वरूपा, दोघांचं एकाच तिकिटावर घाल. मागल्या खेपेला हिचा व्हिसा उशिरा आला म्हणून येगळं काढलं, तितंच घोटाळा झाला."

"येगळंच काढ."

"अगं, कंपनी परत चूक करंल."

"कंपनीची चूक न्हवती." जयाबाईंचा आवाज चढला नाही. "तुमी संडासला गेलता. खोल्या देणाऱ्या काउंटरवरली पोरगी हुबळीची निघाली. कानडीत इचारलं, ते मामा तुमच्याबरोबरचे का. मी म्हटलं, न्हाय."

स्वरूपा स्क्रीनवर काहीतरी वाचू लागली, वाचण्यासारखं काही नसताना.

तम्मण्णांना राग यायला हवा होता. संतापी म्हणून त्यांची ख्याती होती. पण आधी वाईट वाटलं, अगदी सरळ वाईट वाटलं. आठ महिने ते जिची कीव करत होते, ती बाई त्यांच्याकडे बघत होती आणि नजर खाली करत नव्हती.

तम्मण्णांनी खुर्ची तिच्याकडे वळवली.

"अठरा तास काय केलंस तितं?"

"काय सुदीक न्हाय," जयाबाई म्हणाल्या. "म्हणून तर परत जायाचं हाय."