निगेटिव्हचा खण

"ताई, निगेटिव्ह चमकतंय," लॅबमधला मदतनीस चष्मू म्हणाला आणि मायक्रोस्कोपपासून बाजूला सरकला.

अंधाऱ्या खोलीत ताईने डोळे लावले. काचेवर उंदराच्या जठराचा पातळ काप होता. माणसाचं रक्त स्वतःच्याच शरीरावर उलटलं असेल, तर त्या कापातले स्नायू हिरवे उजळतात. लिव्हर आतून पोखरली जात असल्याची ती एक खूण. पेशंटच्या रक्तासोबत दर वेळी 'निगेटिव्ह' म्हणून निरोगी माणसाचंही रक्त लावायचं. ते काळोखंच राहिलं, तर तपासणी खरी. आज तेच लख्ख हिरवं होतं.

"थेंब इकडचा तिकडे पडला असेल. चष्मा पूस आणि परत लाव."

चष्मूने परत लावलं. परत हिरवं.

हे निरोगी रक्त ताईचंच होतं. नोकरीला लागल्यापासून तीच दंड पुढे करायची. तिची नळी फ्रीझरच्या डाव्या, निगेटिव्हच्या खणात असे; ताडून बघायला ठेवलेलं आजारी माणसांचं 'पॉझिटिव्ह' रक्त उजव्या खणात. नवी नळी गेल्या आठवड्यात भरली होती. अलीकडे सकाळी तिचे सांधे आखडायचे, दुपारपर्यंत अंगातलं त्राण जायचं. नवरा म्हणायचा, "तुला काय धाड भरलीय? तुझ्या रक्तावर तर लोकांचं दुखणं मोजतात." तीही हसायची आणि सगळं वयाच्या माथी मारून मोकळी व्हायची.

तिसऱ्यांदा तिने स्वतः लावलं. शेजारी गेल्या वर्षीच्या नळीतलं उरलेलं रक्तही लावलं. जुनं काळोखं राहिलं. नवं उजळलं.

घाबरायला हवं, हे तिला कळत होतं. पण तिला काहीच वाटलं नाही. तिने काच पुसली आणि जागेवर ठेवली.

"ताई, नुसतं चमकलं म्हणजे आजार नसतो," चष्मू चाचरत म्हणाला. "डॉक्टर लिव्हर तपासतील, मगच..."

"हेच मी रोज लोकांना फोनवर सांगते रे. जुन्या नळीत किती उरलंय?"

"आजच्यापुरतं."

"मग तेच वापरू. बाहेर लोक रिपोर्टसाठी ताटकळलेत."

दिवसभर काम चाललं. दुपारी नवऱ्याचा फोन आला.

"आवाज असा का गं? बरी आहेस ना?"

"कामात आहे. घरी आल्यावर सांगते."

संध्याकाळी शेवटचा रिपोर्ट गेला. जुनी नळी रिकामी झाली होती. ताईने ती उजेडात धरून पाहिली आणि टोपलीत टाकली.

"बाही वर कर," ती चष्मूला म्हणाली. "उद्यापासून तुझं. आधी तपासून घेऊ."

तिने त्याच्या दंडाला पट्टा बांधला. शीर पटकन सापडली. चष्मूने मान फिरवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"एवढ्याशा सुईला रडतोस?"

दंडावर कापूस दाबत चष्मू उठला आणि त्याने ताईची नवी नळी टाकून द्यायला घेतली.

"टाकू नकोस ती."

"ताई, आता कशाला ही?"

"चांगलं पॉझिटिव्ह मिळत नाही म्हणून नेहमी कुरकुरतोस ना?"

तिने नळी त्याच्या हातून घेतली. वरची चिठ्ठी नखाने खरवडून काढली, दुसरी चिकटवली. फ्रीझर उघडल्यावर सवयीने तिचा हात डाव्या खणाकडे गेला. मग तिने नळी उजव्या खणात उभी केली आणि दार लावून घेतलं.