गुडघ्याची साक्ष

आक्कांनी माईक तोंडापासून वीतभर लांब धरला, घसा खाकरला आणि गुडघा आता रुपयात बारा आणे बरा असल्याचं सांगून टाकलं. खुर्च्यांवर बसलेल्या तीसेक जणांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे पाय यंत्राच्या पत्र्यावर अडकलेले. हात तेवढे मोकळे होते.

यंत्र विकणाऱ्या कंपनीच्या माणसाने माईक परत घेतला. टाय गळ्याशी इतका आवळलेला की बोलताना त्याचे डोळे बाहेर येत. शरीरातली प्रत्येक पेशी थरथरत असते, तो सांगू लागला. आजारी पेशीचा सूर बिघडतो आणि हे यंत्र तिला तिची फ्रिक्वेन्सी परत शिकवतं. पेशी म्हणजे नक्की काय, ते आक्कांना ठाऊक नव्हतं. पण सूर बिघडलेली माणसं त्यांनी जन्मभर पाहिली होती, आणि तळव्यांना चाळीस मिनिटं मुंग्या आणून त्यातलं एकही ताळ्यावर येईल असं त्यांना वाटत नव्हतं.

तरी त्या रोज येत. एके काळी घरातली अकरा माणसं त्यांच्या तोंडाला घाबरून वागत. आता त्या घरात बोलायचं तर भिंतीशी. तीन मुलगे तीन दिशांना. रविवारी फोन करून जेवलीस का एवढं विचारत, आई म्हणजे जसं काही पाळलेलं मांजर. इथे मात्र तिसऱ्याच दिवशी कंपनीच्या माणसाने विचारलं होतं, काकू, किती फरक पडला? आणि खोलीतल्या सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या होत्या. फरक काडीचाही नव्हता. आक्का म्हणाल्या, आठ आणे. मग दर आठवड्याला आणा-आणा वाढत गेला.

शेजारच्या खुर्चीवर टायपिस्ट बसे. ऑफिस सुटून बारा वर्षं झाली तरी तिचं नाव तेच राहिलं होतं. लग्न केलेलं नाही, पुढेमागे कोणी नाही. आक्का बोलत, ती मान हलवी. त्यामुळे दोघींचं छान जमे. त्या दिवशी यंत्राची दुखऱ्या जागी टेकवायची कांडी तिने काखेखाली दाबून धरली होती. तिथे काय दुखतंय, आक्कांनी विचारलं. टायपिस्टने इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात सांगितलं. छातीत गाठ लागत होती. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात तपासायला पाठवलं होतं, त्याला दीड महिना होऊन गेला.

"दीड महिना? मग गेला का नाहीत?"

"तुमच्या गुडघ्याला गुण आला ना," टायपिस्ट म्हणाली. "म्हटलं, बघू."

 

माणसं पांगल्यावर आक्कांनी कंपनीच्या माणसाला गाठलं. त्या बाईला उद्याच्या उद्या दवाखान्यात जायला सांग, म्हणाल्या. तो वायरी गुंडाळत होता. आम्ही कोणालाच डॉक्टर सोडा म्हणत नाही, तो नम्रपणे म्हणाला. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत तसं छापलेलंसुद्धा आहे.

"आणि माझं कोण ऐकतंय, काकू? लोक तुमचं ऐकतात."

आक्का घरी आल्या. भाजी चिरायला घेतली, अर्धी चिरली आणि तशीच झाकून ठेवली. खोटारडी ठरलेल्या बाईला त्या खोलीत कोणी बस म्हणणार नव्हतं. त्यांनी स्वतःही म्हटलं नसतं.

दुसऱ्या दिवशी माईक नेहमीप्रमाणे आधी त्यांच्याकडे आला. या वेळी त्या उभ्या राहिल्या.

"माझा गुडघा होता तसाच आहे. जिना चढताना तीनदा थांबते. इतके दिवस मी खोटं सांगत होते."

कोणी टाळी वाजवली नाही. मग मागच्या रांगेतले मास्तर म्हणाले, मनापासून बसल्या नसतील. कोणी म्हणालं, या वयात कालचं दुखणं कुठे लक्षात राहतं. बघता बघता सगळ्यांनी मिळून यंत्राला निर्दोष सोडलं आणि आक्कांना दोषी धरलं. कंपनीचा माणूस हसला, काकू आज थकल्यात म्हणाला आणि माईक मास्तरांकडे घेऊन गेला. मास्तरांची झोप सुधारली होती. त्यावर टाळ्या पडल्या.

आक्का बाहेर पडल्या. कठडा धरून चार पायऱ्या उतरतात तोच मागून टायपिस्ट आली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "खुर्चीवरून उठताना मुठी आवळता तुम्ही. शेजारीच बसते मी."

"अहो, मग काल गुण-बिण कशाला बोललात?"

टायपिस्टने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली.

"दवाखान्यात विचारतात, सोबत कोण आहे. इथे कोणी विचारत नाही."

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आक्काही एकदा दवाखान्याच्या खिडकीशी उभ्या राहिल्या होत्या. सोबत कोण, असं विचारल्यावर तोऱ्यात म्हणाल्या होत्या, तीन मुलगे आहेत मला. त्यातल्या एकाला घेऊन या, क्लार्क म्हणाला होता. ऑपरेशनचा बिनसहीचा कागद चार वर्षं त्यांच्या कपाटात घडी घालून पडला होता.

"सकाळी आठला तयार राहा," त्या म्हणाल्या. "मला वाट बघायची सवय नाही."

सकाळी खिडकीमागच्या क्लार्कने मान वर न करता विचारलं, सोबत कोण. आक्कांनी मी म्हणून सांगितलं. नातं?

"थोरली बहीण," टायपिस्टने तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या.

टायपिस्ट त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी होती. लोकांच्या मजकुरातल्या चुका दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला होता. ही तिने राहू दिली.

क्लार्कने कागद सरकवला. आक्कांनी एकेक अक्षर जुळवून सही केली आणि खाली आपला फोन नंबर लिहिला.

"अजून एक नंबर द्या," तो म्हणाला. "तुमचा लागला नाही तर कोणाला कळवायचं?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मागे रांग चुळबुळत होती. क्लार्कने थोडा वेळ पेन तसंच धरून ठेवलं. मग त्या ओळीवर आडवी रेघ मारली आणि पुढचं नाव पुकारलं.