घाबरू नका, कोणीतरी बोलेल

शेवटच्या वर्षी इंग्रजी साहित्याचा वरचा वर्ग मिळणार की नाही, हे एका चाचणीवर ठरणार होतं. कवीचं नाव नसलेली अनोळखी इंग्रजी कविता मिळायची, तासाभरात तिचं रसग्रहण लिहायचं. नाही जमलं, तर वर्षभर व्यावसायिक पत्रलेखन.

तोफेला वरचाच वर्ग हवा होता. तोफ म्हणजे वर्गातली सगळ्यात ठाम मुलगी. चुकली तरी खात्रीने चुकायची. "साहित्य शिकून करणार काय?" असं थोरल्या भावाने विचारलं, तेव्हा "तुझं रसग्रहण" म्हणाली होती, आणि आईने दोघांनाही भांडी घासायला बसवलं होतं.

मॅडमनी कागद वाटले. इंग्रजीत चारच ओळी होत्या. दारांच्या मध्ये उभे राहू नका. मध्येच थांबलात तर घाबरू नका. बटण दाबून धरा. कोणीतरी बोलेल.

मागच्या बाकावरच्याने दारं म्हणजे जन्म आणि मृत्यू असं ठोकून दिलं. त्याला सगळीकडे जन्म-मृत्यूच दिसायचे. मागच्या वेळी तर मेंढीवरच्या कवितेतसुद्धा दिसले होते. तोफेने शेवटची ओळ धरली. कोण बोलेल हे कवी सांगत नाही, तिने लिहिलं, आणि सांगत नाही म्हणूनच धीर येतो.

तास संपता संपता लिफ्टचा मिस्त्री दारात उभा राहिला. हातात एक कागद.

"मॅडम, प्रिंटरवरची माझी सूचना तुमच्याकडे आली का? मी लिफ्टमध्ये हे लावून बसलो. नदी, संध्याकाळ, असलं काहीबाही आहे. लोक वर जाताना हसत जातात आणि उतरताना उसासे टाकतात."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "चाचणी रद्द."

"का म्हणून?" तोफ उठली. "लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते सोडा, कागदावर काय आहे ते बघा, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"अगं बाई, ती लिफ्टची सूचना आहे!"

"मग नदीवाली द्या. आत्ता, तोंडी घ्या."

तिने कविता दोनदा वाचली.

"ही कमी पडते, मॅडम. 'एकाकी' तीनदा म्हणते. तिसऱ्यांदा आपला विश्वासच उडतो. नदी नुसती उदास दिसायला आणून ठेवलीय. शेवट मात्र पक्का आहे. तिथं कोणी रडत नाही, फक्त दिवा लावायचा राहून जातो. सगळं दुःख त्या न लावलेल्या दिव्यात आहे."

मॅडमनी यादीत तिचं नाव लिहिलं. मग म्हणाल्या, "वरचा वर्ग. पण काय गं, बटण वाचून जरासुद्धा शंका आली नाही?"

"आली होती. पण मार्क शंकेला नव्हते."

मिस्त्री अजून दारातच होता.

"मॅडम, जिन्याचीही एक लिहिलीय," तो खिसा चाचपत म्हणाला. "ती जरा दुःखी आहे."