डाव्या तळहातावर

मल्लव्वानं तळहातावरच्या इष्टलिंगाला भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं, तेवढ्यात दारात कुणीतरी खाकरलं. पूजा पुरी होईपर्यंत ती बोलत नसे. शेजारची गिरिजाबाई तसं सांगायला लगबगीनं पुढे झाली.

"माहीत हाय मला," बाहेरचा आवाज म्हणाला. "मल्लू सांगायचा. होऊ द्या त्यांचं."

लेकाचं नाव मल्लव्वाच्या कानावर पडलं. तरी तिनं पूजा आटोपली, लिंग वस्त्रात बांधून गळ्यात घातलं आणि मगच ती बाहेर आली.

पायरीवर एक तरुण बसला होता. त्याचा एक पाय सरळच पसरलेला होता, वाकत नव्हता.

"मी येडू. उजनीच्या काठचा. मल्लूच्याच तुकडीत होतो." त्यानं हात जोडले. "ऊट आतेनु, अव्वा?"

गिरिजाबाई फिसकन हसली. "हे कुटं शिकलास रं?"

"त्यानंच शिकवलं. जेवलात का, एवढंच. फुडच्या कानडीची त्याला गरजच पडायची न्हाय."

मल्लव्वाही हसली आणि तोंडाला पदर लावून तशीच उभी राहिली.

मल्लिकार्जुन लढाईत गेला त्याला अकरा महिने झाले होते. दुधनीनं चौकाला त्याचं नाव दिलं, शाळेनं फोटो लावला. पण समाधी देताना मठाच्या स्वामींनी शवपेटी उघडली, तेव्हा लेकाच्या गळ्यात लिंग नव्हतं. पूजेपुरतं तळहातावर घ्यायचं, एरवी जन्मभर अंगावेगळं करायचं नाही, शेवटीही सोबतच न्यायचं, असं ते. स्वामींनी दुसरं दिलं. "फौजेत कुणाला सुचतंय," दीर सिद्धप्पा म्हणाला. सहजच म्हणाला, पण तिला ते कुसळासारखं रुतून राहिलं. लेक शूर होता, त्यात शंका नव्हती. त्यानं नेम सोडला होता का, एवढंच तिला कुणाला विचारवत नव्हतं.

"येक विचारू का रं?" ती आज म्हणाली. "गळ्यात… असायचं का त्याच्या?"

येडूनं खिशातून डबी काढली, उघडून तिच्यापुढं ठेवली. आत लिंग होतं. कडेला टवका उडालेला. चौथीत असताना घाईघाईत मल्लूनं पाटावर आपटलं होतं, तो टवका.

"माझ्या मांडीत बाँबचा तुकडा घुसला," येडू म्हणाला. "त्यानं पाठीवर घेऊन मला खाली आणलं, खडकाआड ठेवलं. माझे डोळे मिटाया लागले. तर गळ्यातलं हे काढून माझ्या डाव्या हातावर ठेवलं. म्हणाला, मी येऊन घेतो. तवर खाली पडता कामा न्हाय. झोपलास तर पडंल. आन् गेला वर. वर अजून दोघं होते. येकाला आणलं त्यानं. दुसऱ्याला आणाया गेला…"

गिरिजाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"मी झोपलो न्हाय, अव्वा."

येडूनं पसरलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाला, "तवाच धाडायला पायजे होतं. पण हे पोस्टानं कसं धाडू? आपल्या पायानं नेऊन द्यायचं ठरवलं, आन् पायच चालंना."

मल्लव्वानं लिंग उचललं. त्यावर भस्माची रेघ होती, कालचीच.

"पूजा कुणी केली ह्याची?"

"मीच. रोज. जेवायच्या आदी तो करायचा, तेवढं बघितलेलं. चुकत असंल."

"कदी सुटली?"

"ऑपरेशन झालं त्या दिवशी. येवडा येकच दिवस."

"अगं, पण मल्लव्वा," गिरिजाबाई हळूच म्हणाली, "ह्याला दीक्षा कुटं हाय? गुरूनं दिल्याबिगर कसं चालंल?"

"गुरू तरी काय करतो, गिरिजा? तळहातावर ठेवतो आन् जपाया सांगतो."

ती येडूकडे वळली.

"आजची झाली का तुजी?"

"न्हाय. पहाटंपासून एसटीतच होतो."

"मंजी जेवलापण न्हाईस."

मल्लव्वा आत गेली, आपल्या पाटाशेजारी दुसरा पाट मांडला आणि त्याला हाक मारली. पाय पसरून तो कसाबसा बसला. तिनं त्याचा डावा हात ओढला, बोटं जुळवून दिली, लिंग मधोमध ठेवलं आणि उजव्या हातात तांब्या दिला.

"हळू घाल. धार तुटू द्यायची न्हाय," ती म्हणाली. "त्यालाबी लई घाई असायची."